वाचनालयाची वेबसाइट, नो-कोड बिल्डर आणि वर्षभराचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट सुरू होऊन वर्ष होत आलं. गेले कित्येक महिने मी तिला हातही लावलेला नाही. ती ग्रंथपाल मॅडम चालवतात, तेही फोनवरून. बिल्डर, म्हणजे कोड न लिहिता साइट बनवायचं साधन, निवडताना माझी मुख्य अट हीच होती. साइट उभी करणारा एक आणि पुढे सांभाळणारा दुसराच असेल, तर साधन सांभाळणाऱ्याला झेपेल असं घ्यायचं. उभी करणाऱ्याला थोडा जास्त त्रास झाला तरी चालतो, त्याचं काम एकदाच असतं.

शेवटी वर्डप्रेस डॉट कॉमचा पैसे भरायचा प्लॅन घेतला. स्वतः होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा, विकत घेऊन त्यावर टाकायचं ते वर्डप्रेस वेगळं. इथे सर्व्हर आणि अपडेट कंपनी बघते. मॅडम फोनवर साइट चालवायचं जेटपॅक ॲप उघडतात, फोटो टाकतात, चार ओळी लिहितात आणि प्रकाशित करतात. व्हॉट्सॲपवर सूचना टाकण्याइतकंच सोपं आहे, असं त्याच म्हणाल्या.

आधी बाकीचे पर्यायही पाहिले होते. गूगल साइट्स फुकट आहे आणि शाळेच्या किंवा मंडळाच्या स्थिर माहितीसाठी खरंच पुरेसं आहे. पण तिथलं संपादन संगणकावर बसूनच करावं लागतं, आणि वाचनालयाचा एकुलता एक संगणक देवघेवीच्या नोंदींत अडकलेला असतो. कार्ड (Carrd) नावाचा बिल्डर स्वस्त आणि सुटसुटीत, पण मुळात एकपानी साइटसाठी बनवलेलं. वेबफ्लो डिझायनर मंडळींना आवडेल. मॅडमना मात्र ते पहिल्याच दिवशी परकं वाटलं असतं. विक्समध्ये एकदा निवडलेलं टेम्प्लेट नंतर बदलता येत नाही आणि पूर्ण साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. हे त्यांच्याच मदत-पानांवर लिहिलेलं आहे. संस्थेची कार्यकारिणी दर काही वर्षांनी बदलते, तिथे असं बांधून घेणं मला पटलं नाही.

एका नावाजलेल्या ड्रॅग-ड्रॉप बिल्डरवर मात्र मी नमुना साइट पूर्ण बांधली होती. लॅपटॉपवर ती देखणी दिसायची. मॅडमनी फोनवरून फक्त वाचनालयाची वेळ बदलली आणि मोबाइलवर ती ओळ खालच्या फोटोवर जाऊन बसली. त्या बिल्डरात मोबाइलची मांडणी वेगळी जुळवावी लागते, हे त्यांना कोण सांगणार? तिथेच तो बाद. एका वाक्यावरून अख्खी साइट बनवून देणारी एआयची सोयही करून बघितली. तिने वाचनालयासाठी काचेच्या इमारतीत हसणाऱ्या गोऱ्या तरुणांचे फोटो लावले.

आता देवनागरीबद्दल. बिल्डरांची तुलना करणाऱ्या लेखांत हा विषय जवळपास नसतोच, आणि माझा निम्मा वेळ तिथेच गेला. बहुतेक टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून बनतात. शीर्षकांना ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांमध्ये जागा सोडलेली असते. कॅपिटल अक्षरांना ते शोभतं, पण आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि ‘वाचनालय’चे सुटे तुकडे होतात. दुसरी अडचण ओळींमधल्या अंतराची. रोमनसाठी घट्ट ठेवलेल्या ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात किंवा वेलांटीत घुसतो. आणि टेम्प्लेटच्या फाँटमध्ये देवनागरी नसेल, तर प्रत्येक फोन आपापला फाँट लावतो. मग माझ्या फोनवर एक साइट, मॅडमच्या फोनवर दुसरी. म्हणून आधी देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला फाँट निवडा. मुक्त, बालू, हिंद, नोटो असे चांगले फाँट फुकट मिळतात. आम्ही मुक्त लावला, अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणलं आणि ओळींमधलं दीडपटीच्या पुढे नेलं. बिल्डर तपासताना इंग्रजी नमुना मजकूर ठेवूच नका. ‘मूर्ती’, ‘वाऱ्यावर’, ‘उत्कृष्ट’, ‘ज्ञानेश्वर’ असे शब्द शीर्षकात टाकून फोनवर बघा. कुठला बिल्डर पास आणि कुठला नापास, तिथेच कळतं.

पत्त्यांचंही असंच. पोस्टचं शीर्षक मराठी असलं की वर्डप्रेस लिंकही मराठीतून बनवतं. ब्राउझरमध्ये छान दिसते, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की बहुतेक वेळा तिचे टक्के आणि आकडे होतात. देवनागरीतलं एकेक चिन्ह, म्हणजे कानासुद्धा, तिथे नऊ अक्षरं खातं. नुसता ‘वाचनालय’ 63 अक्षरांचा होतो. शिवाय वर्डप्रेसमध्ये लिंकच्या या भागाला 200 अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे जरा लांब शीर्षक मध्येच कापलं जातं. ग्रुपवर अशी लिंक आली की ज्येष्ठ सभासद ती फसवणुकीची समजतात, आणि सध्याचे दिवस पाहता त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही. मॅडम आता लिंकचा शेवटचा भाग रोमन लिपीत हाताने लिहितात. वहीत तशी पायरी लिहून ठेवली आहे.

ग्रंथसूची मात्र साइटवर टाकली नाही. हजारो पुस्तकांची यादी पोस्टांमध्ये बसवणं वेडेपणाच. जुनी यादी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेली होती. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा प्रमाण पद्धतीत, बदलणारी साधनं आहेत, पण नंतर जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात. त्यात लेखकांच्या नावांचा गोंधळ निराळा. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल.देशपांडे’ आणि ‘देशपांडे पु. ल.’ हे शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी तीन वेगळे लेखक. हे काम कॉलेजच्या दोन मुलींनी केलं आणि त्याचं श्रेय कुठल्याच बिल्डरला जात नाही. यादी आता गूगल शीटमध्ये आहे, लोकांना फक्त बघता येते आणि साइटवर तिची लिंक आहे. सर्वांत जास्त उघडलं जाणारं पान तेच. दिवाळी अंक येऊ लागले की त्यांच्या यादीचं पान त्यालाही मागे टाकतं.

पैशांचं सांगायचं तर किंमत बघताना महिन्याच्या आकड्यावर जाऊ नका. तो बहुधा वर्षाचे पैसे एकदम भरले तरच लागू असतो, आणि पहिल्या वर्षीची सवलत नूतनीकरणाला नसते. परदेशी सेवेचं बिल डॉलरमध्ये आलं की विनिमय दर आला, त्यावर 18 टक्के जीएसटी आला. बँकांच्या बऱ्याच कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंदच असतात. 2021च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियमही कडक झाले, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होईल या भरवशावर राहू नये. आमचे खजिनदार काका तर रुपयांतलं आणि संस्थेच्या नावाचं बिल असल्याशिवाय व्हाउचरवर सही करत नाहीत. लेखापरीक्षण त्यांनाच तोंड द्यायचं असतं. हौशी मंडळी निवडीच्या वेळी हा मुद्दा हसण्यावारी नेतात.

डोमेन बिल्डरकडून न घेता वेगळं घेतलं, डॉट इन, संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच ईमेलवर. बिल्डर बदलला तरी पत्ता आपल्या हातात राहतो. कुणा उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर डोमेन असणं आणि तो पुण्याला किंवा दुबईला निघून जाणं, हा प्रकार आसपासच्या दोन संस्थांत झालेला आहे.

उणी बाजूही आहे. वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर-फोटोंचे ठोकळे रचून पान बनवायच्या सोयीत, पानाची रचना पहिल्यांदा बसवणं ड्रॅग-ड्रॉपपेक्षा किचकट आहे, आणि ते संगणकावरच करावं. चकचकीत दिसणारी साइट हवी असेल तर दुसरीकडे कमी कष्टात होते. ऑनलाइन विक्री करायची असेल, तर माझ्या अनुभवाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. आम्ही वर्गणीसुद्धा साइटवरून घेत नाही, टेबलावरचा क्यूआर कोड पुरतो.

मार्चअखेर हिशेब बंद करताना मॅडम साइटची एक्सएमएल फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवतात. त्या फाइलमध्ये मजकूर असतो, फोटोंच्या नुसत्या लिंका असतात, म्हणून फोटो वेगळे उतरवावे लागतात. उद्या साइट दुसऱ्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसमध्ये न्यायची झाली तर या दोन गोष्टी आणि डोमेनचा पासवर्ड लागेल. पासवर्ड खजिनदार काकांच्या कपाटात, बंद पाकिटात आहे.