झोपेची गोळी किती दिवस? गोळ्या आणि गोळीशिवायचा उपचार, शेजारी ठेवून

मेडिकलच्या काउंटरवर झोपेच्या गोळीसाठी दोन तऱ्हेची माणसं येतात. काहींच्या हातात डॉक्टरांची ताजी चिठ्ठी असते आणि चेहऱ्यावर 'सवय तर नाही ना लागणार?' हा प्रश्न. बाकीच्यांना ती कधीच लागून गेलेली असते. 'गोळी घेतल्याशिवाय डोळ्याक डोळो लागणा नाय' म्हणतात आणि पट्टी मागतात. पहिल्यांना मी सांगते की दोन-चार आठवड्यांपुरती गोळी घ्यायला एवढं घाबरू नका. दुसऱ्यांना सांगते की उद्यापासून एकदम बंद करू नका. गोळ्या विकणारीच हे लिहितेय, तेव्हा वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

आधी एक चाळणी. दशावतार बघून पहाटे घरी येणं, आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत रात्र रात्र जागणं याला निद्रानाश म्हणत नाहीत. झोपायला वेळ आणि जागा असूनही आठवड्यातून निदान तीन रात्री झोप लागत नाही किंवा टिकत नाही, दिवसा त्याचा त्रास होतो आणि हे तीन महिने चाललंय, तर तो जुनाट निद्रानाश. त्यातही मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, प्रोस्टेटमुळे रात्री चार वेळा उठणं, संध्याकाळी घेतलेली लघवीची (पाणी काढणारी) बीपीची गोळी, स्टिरॉइड, ही कारणं आधी तपासायला हवीत. लघवीची गोळी डॉक्टरांना विचारून सकाळी घेतली आणि झोपेचं गाऱ्हाणं तिथेच मिटलं, असंही होतं. श्वास अडकणाऱ्या माणसाला तर झोपेची गोळी धोक्याचीच ठरू शकते.

गोळी म्हणजे नेमकी कोणती

'झोपेची गोळी' या एकाच नावाखाली पाच-सहा वेगळ्या जातींची औषधं असतात. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही बेंझोडायझेपिन जातीची. आपल्याकडे सर्रास दिसतात ती हीच, 'पॉइंट टू-फाइव्ह' किंवा 'पॉइंट फाइव्ह' म्हणून मागितली जाणारी. यातली क्लोनाझेपाम रक्तातून निम्मी व्हायला तीस-चाळीस तास घेते. म्हणजे आज रात्रीची गोळी परवा सकाळीही थोडी अंगात असते. झोल्पिडेम, झोपिक्लोन, एस्झोपिक्लोन हा दुसरा गट. झोल्पिडेम अडीच-तीन तासांत निम्मी होते, म्हणून सकाळची सुस्ती त्या मानाने कमी. पण झोपेतच उठून चालणं, स्वयंपाक करणं, गाडी काढणं असे प्रकार या गटात घडलेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली त्यासाठी सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्याआधी २०१३ मध्ये बायकांसाठी झोल्पिडेमचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला, कारण बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते. दहाची चिठ्ठी असेल तर हे जरूर विचारा.

मेलाटोनिन सौम्य आहे, सुरक्षितही बऱ्यापैकी आहे, पण अपेक्षा बेताची ठेवा: अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात झोप सरासरी सातेक मिनिटं लवकर लागते. सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या झोपेसाठी रोज घेऊ नयेत. चार दिवसांत गुंगी ओसरते. तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, म्हाताऱ्यांत गोंधळल्यासारखं होणं मात्र राहतं. नैराश्यावरची काही औषधं कमी डोसात झोपेसाठी देतात. नैराश्य असेल तर त्यात अर्थ आहे, नसेल तर पुरावा पातळ. ओरेक्सिन अडवणारी लेम्बोरेक्झंटसारखी औषधं नवी आहेत. ती मेंदूला गुंगी आणण्याऐवजी जागं ठेवणारा संदेश बंद करतात. मला त्यांच्याबद्दल बरं वाटतं, पण पंधरा-वीस वर्षं घेणाऱ्या माणसांचा अनुभव अजून जगातच नाही.

जायफळ घातलेलं दूध? चिमूटभर खुशाल घ्या, परसातलंच असेल तर आणखी छान. चमचा चमचा मात्र नको, जायफळ जास्त झालं तर विषारी असतं.

दुसऱ्या पारड्यात काय

गोळीशिवायच्या उपचाराला डॉक्टर 'सीबीटी-आय' म्हणतात. झोपेविषयीच्या सवयी आणि धास्ती बदलण्याचा, साधारण सहा ते आठ बैठकांचा हा कार्यक्रम असतो. 'लवकर झोपा, मोबाइल बाजूला ठेवा' हा व्हॉट्सॲपवरचा उपदेश म्हणजे सीबीटी-आय नव्हे. तेवढ्याने जुनाट निद्रानाश जात नाही. खरा उपचार बराच कठोर आहे.

समजा, काका मालिका संपली की नऊला आडवे होतात आणि सहाला उठतात. अंथरुणात नऊ तास, पण झोप साडेपाच तास. दोन आठवडे वहीत नोंद करून हा आकडा काढायचा आणि मग अंथरुणातला वेळही साडेपाच तासच ठेवायचा: रात्री बाराला झोपायचं, साडेपाचला उठायचं, झोप लागो न लागो. वीसेक मिनिटं नुसतं तळमळत असाल तर उठून पडवीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. दुपारची वामकुक्षी बंद. माशाचं जेवण आणि त्यावरची दोन तासांची झोप सोडायला सांगणं म्हणजे आपल्याकडे भांडणालाच आमंत्रण, पण ती चालू ठेवून हा उपचार जमत नाही. झोप सलग यायला लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ वाढवायची.

पहिले दोन आठवडे माणूस दिवसभर पेंगतो. म्हणून होडीवर जाणारे, डंपर-एसटी चालवणारे, फिट्स किंवा बायपोलर आजार असणारे यांनी हे स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

फायदा किती, आणि किती दिवस

झोल्पिडेमच्या गटावरच्या १३ चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. यंत्राने मोजलं तर औषध नसलेल्या, नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा झोप २२ मिनिटं लवकर लागत होती. सीबीटी-आयचा तसाच हिशेब २०१५ मध्ये आला: झोप १९ मिनिटं लवकर आणि रात्री मध्येच जागं राहण्याचा वेळ २६ मिनिटांनी कमी. दोन्ही आकडे वेगळ्या पद्धतीने काढलेले आहेत, त्यामुळे २२ मोठे की १९ हा वाद घालण्यात अर्थ नाही. एक मात्र कबूल करायला हवं की सीबीटी-आयने एकूण झोप सुरुवातीला जेमतेम आठ मिनिटं वाढते. तिथे गोळी सरस. शिवाय गोळी पहिल्याच रात्री काम करते. घरात मयत झालं, ऑपरेशन झालं, अशा वेळी कुणाला वही भरायला सांगणं मला तरी निर्दयपणाचं वाटतं.

महिना उलटला की चित्र पालटतं. २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १५४ चाचण्यांतल्या ४४,०८९ माणसांचा एकत्रित हिशेब आला. दीर्घकाळाबद्दल बोलता येईल असा पुरावा मोजक्याच औषधांचा निघाला. त्यातल्या त्यात एस्झोपिक्लोन आणि लेम्बोरेक्झंट यांचा बरा. एस्झोपिक्लोनचा परिणाम सहा महिने टिकल्याच्या चाचण्या आहेत, पण तोंड कडू होणं, गरगरणं हेही त्यात आहेच. आणि जी अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम आपल्याकडे वर्षानुवर्षं चालते, तिचा निद्रानाशावर वर्षभर उपयोग होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना बेंझोडायझेपिन आणि झोल्पिडेम या दोन्ही जुन्या गटांना चार आठवड्यांची मर्यादा घालतात. अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ पासून सीबीटी-आय हाच पहिला उपचार म्हटलं आहे.

दोन्ही एकत्र? १६० जणांवरच्या २००९ च्या एका चाचणीत सीबीटी आणि झोल्पिडेम एकत्र सुरू करून, पुढे गोळी थांबवून फक्त सीबीटी चालू ठेवणारे सर्वांत फायद्यात राहिले. मला कुणी विचारलं तर मी हाच रस्ता सुचवते, आणि चिठ्ठीवर गोळी थांबवण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला सांगते.

साठीपुढे

इथे मी तटस्थ राहू शकत नाही. साठीपुढच्या माणसांवरच्या २४ अभ्यासांचा हिशेब २००५ मध्ये झाला. १३ जणांनी गोळी घ्यावी तेव्हा एकाची झोप सुधारते, आणि दर ६ जणांमागे एकाला दुष्परिणाम होतो. गरगरणं, विसरायला होणं, तोल जाणं.

आता आपलं घर बघा. जांभ्याच्या पायऱ्या, पावसात त्यावर शेवाळ, संडास मागीलदारी, मध्यरात्री वीज गेलेली. गोळीच्या गुंगीत उठलेल्या आजीचा पाय तिथे सरकला की खुब्याचं हाड मोडतं, आणि मुंबईतल्या मुलाला फोन जातो: गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं की कोल्हापूरला? मुलं आईबाबांना 'झोप तरी लागतेय ना' म्हणून गोळी चालू ठेवतात, तेव्हा तराजूच्या या बाजूला कुणी बघत नाही. स्मृतिभ्रंशाची भीती घालणारे मेसेज फिरतात, पण त्यावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. पडण्याबद्दल तसा वाद नाही.

आणि माडी किंवा दारू घेतलेल्या रात्री गोळी नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

इथे मिळतं काय

गोळी तालुक्याला मिळते. सीबीटी-आय शिकलेला माणूस मिळणं अवघड, ही या तुलनेतली खरी अडचण. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. नावाने बिचकू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं. या बैठका व्हिडिओ कॉलवरही चालतात आणि त्यांचा गुण येतो, त्यामुळे मुंबई-पुण्याचा समुपदेशकही चालेल.

ज्यांची आधीच चालू आहे

अल्प्राझोलम, झोल्पिडेम वगैरे औषधं २०१४ पासून एच-वन यादीत आहेत. आम्हाला रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव रजिस्टरला चढवून ते तीन वर्षं जपावं लागतं. तेव्हा 'जुनी चिठ्ठी आहे ना' म्हणून कुणी रागावलं तरी नाइलाज आहे. ती चिठ्ठी नव्याने घ्यायला जाल तोच दिवस डॉक्टरांशी गोळी कमी करण्याचं बोलायला बरा.

वर्षानुवर्षांची बेंझोडायझेपिन एकदम सोडली तर झोप पार उडते, हात कापतात, क्वचित फिटही येते. ते बघून माणसाला वाटतं, गोळीवाचून आपलं जमणारच नाही. खरं तर तो सोडण्याचाच त्रास असतो. डोस दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करत नेणं हा सध्याचा सल्ला आहे, म्हणजे काम महिन्यांचं आहे. कॅनडात म्हाताऱ्या माणसांना नुसती धोके आणि गोळी कमी करण्याचा तक्ता असलेली पुस्तिका दिली, तर सहा महिन्यांत २७ टक्क्यांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्क्यांनी. गोळी अर्धी-पाव करायची तर आधी आम्हाला विचारा: सावकाश विरघळणारी (सीआर लिहिलेली) गोळी मोडायची नसते, मोडली तर रात्रभराचं औषध एकदम अंगात जातं.