एक की दोन? हमिंगबर्डच्या जोड्यांचा निवाडा

दोन हमिंगबर्ड सारखे दिसतात. मग प्रजाती एक धरायची की दोन? ठरवायचं असेल तर रंगावर सगळ्यात शेवटी जा. गळ्याची ती चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेची करामत. पक्ष्याने मान वळवली की लखलखता गळा क्षणात काळा पडतो.

जायंट हमिंगबर्ड घ्या, या कुळातला सर्वांत मोठा. दिसायला अगदी एकच. पण चिलीत वीण करणाऱ्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बांधून माग काढला, तर ते थेट पेरूच्या अँडीजमध्ये पोचले. जाऊन-येऊन ८,३०० किलोमीटरहून जास्त. उत्तरेकडचे मात्र वर्षभर डोंगरातच. चिलीचे पाहुणे त्यांच्यातच मिसळत असल्याने इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. जनुकं सांगतात, ताटातूट होऊन वीस लाख वर्षं उलटलीत. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इथे दोन म्हणायला मला काहीच अडचण नाही.

जमैकाच्या स्ट्रीमरटेल या हमिंगबर्डचं नेमकं उलट. बेटावर बहुतेक ठिकाणी लाल चोच, पूर्व टोकाला काळी. लहान मूलही फरक सांगेल. पण जिथे भेटतात त्या चिंचोळ्या पट्ट्यात दोघांचा संकर होतो. म्हणून पक्ष्यांच्या प्रजातींच्या काही याद्यांनी एक प्रजाती धरली, काहींनी दोन. माझा कल दोनकडे. संकर होतो का, यापेक्षा तो दोन्हीकडे किती आत झिरपतो ते बघावं, आणि इथे तो पट्ट्यापुरताच राहिलाय.

बेटं वेगळी असली की ही कसोटीच लागत नाही. इनाग्वा बेटांवरचा वुडस्टार हा हमिंगबर्ड बाकीच्या बहामातल्यांना भेटतच नाही. तिथे प्रणयाराधन बघायचं: नराचं गाणं वेगळं, कपाळही चमकणारं आणि शेपटीची बाहेरची पिसं टोकाशी बाहेर वळलेली. हा फरक माद्यांसमोर मिरवायचा, म्हणून वजनदार. २०१५ मध्ये तो स्वतंत्र ठरला.

रूफस आणि ॲलन या हमिंगबर्डांचाही दक्षिण ओरेगॉन-उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर संकर होतो, तरी याद्यांत ते दोनच आहेत. नर हातात असेल तर शेपटीचं मधून दुसरं पीस बघा. रूफसच्या पिसाला खाच असते. मादी फांदीवर बसलेली असेल तर हुशारी नको. वहीत ‘रूफस किंवा ॲलन’ लिहा आणि पुढे चला.