गरम इंजिन दाखवून विकलेली यॉट

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या अनेकांनी अलीकडे गोव्यातल्या पर्यटन व्यवसायात पैसे घातले आहेत. चोर्ला घाटाने गेले की बेळगावहून पणजी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, माणसे ओळखीची आणि भाषेची अडचण नाही. त्यामुळे आधी हॉटेल, मग भाड्याच्या गाड्या आणि आता बोट, असा हा क्रम चालू आहे. माझे मामेभाऊ आणि मी मिळून एक जुनी मोटार यॉट घेतली आणि त्या व्यवहारात आमची पद्धतशीर फसवणूक झाली. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे विक्रेता, मध्यस्थ आणि बोट यांची नावे देत नाही. फसवणूक कशी रचली होती ते मात्र तपशिलाने सांगता येते, आणि बोट घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग त्याचाच आहे.

बोट परदेशी बांधणीची, सुमारे ४० फुटांची, स्पोर्ट्स प्रकारची, म्हणजे वेग घेतल्यावर पाण्यावर उचलली जाऊन धावणारी होती. सहा सिलिंडरची दोन टर्बो डिझेल इंजिने, प्रत्येकी सात लिटरच्या आसपास आणि मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर ४२० अश्वशक्तीची. मीटरवर इंजिन चालल्याचे तास ६४०, मागणी ७० लाखांची. एवढ्या तासांची डिझेल इंजिने म्हणजे जवळजवळ नवीच, असे जाहिरातीतही होते आणि मध्यस्थाच्या तोंडीही.

बेळगावच्या उद्यमबागेत माझे इंजिन दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर, ट्रक आणि खोदाईयंत्रांची इंजिने उतरवून बोअरिंग करणे, क्रँक घासणे, हेड बसवणे हा आमचा रोजचा धंदा. मध्यस्थाने ते पहिल्याच भेटीत विचारून घेतले आणि त्यानंतर प्रत्येक प्रश्नावर त्याचे उत्तर एकच होते : ‘‘मालक, तुम्ही इंजिनातलीच माणसं, तुम्हाला मी काय सांगणार?’’ जमिनीवरच्या इंजिनाची खूण समुद्रातल्या इंजिनाला जशीच्या तशी लागू होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते आणि त्याची सगळी मांडणी त्याच फरकावर उभी होती.

फरक थोडक्यात असा. आपल्याकडच्या ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे इंजिन सुमारे तीन लिटरचे असते, म्हणजे लिटरमागे सोळा-सतरा अश्वशक्ती. या यॉटच्या इंजिनातून लिटरमागे साठच्या जवळपास काढली जाते. शिवाय पाण्यात उतार नसतो. भरलेला ट्रक घाटमाथा न येता अखंड चोर्ला चढत राहावा, तसे बोटीचे इंजिन चालू असेपर्यंत भाराखालीच असते. म्हणूनच कंपन्या अशा इंजिनांना हौशी वापराचा दर्जा देतात आणि पूर्ण वेग आठ किंवा बारा तासांतून एखादा तासच वापरावा अशी अट घालतात. ही बोट आधी पर्यटकांच्या फेऱ्यांसाठी वापरली गेली होती, हे आम्हाला सांगितले गेले नाही.

दुसरा फरक थंड करण्याच्या पद्धतीत आहे. ट्रॅक्टरला रेडिएटर पुरतो. यॉटमध्ये समुद्राचे पाणी रबरी पात्यांच्या पंपाने ओढून घेतात, ते हीट एक्स्चेंजरमधून फिरते, टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या आफ्टरकूलरमधून जाते आणि शेवटी धुराच्या नळीत सोडले जाते. म्हणजे लोखंडाचा सगळ्यात मोठा शत्रू इंजिनाच्या अंगाखांद्यावरून वाहत असतो. म्हणूनच बंद पडून राहिलेले कमी तासांचे इंजिन, नीट सांभाळलेल्या जास्त तासांच्या इंजिनापेक्षा धोक्याचे ठरू शकते. धुरात पाणी मिसळत असल्यामुळे मागून वाफही निघते, आणि वाफ व धूर यांतला फरक जमिनीवर काम करणाऱ्याला सहज कळत नाही. तो असा ओळखावा : वाफ थोड्या अंतरावर विरून जाते; न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर पाण्यालगत रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो आणि त्याच्याखाली पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. काळा धूर म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी.

आम्ही बोट पाहायला गेलो तेव्हा आमच्या वर्कशॉपमधल्या वयस्कर मिस्त्रींनी पहिल्यांदा ब्लॉकवर तळहात टेकवला आणि म्हणाले, ‘‘इंजिन तापलंय की ओ हे. आत्ताच बंद केल्यागत लागालंय.’’ बॅटऱ्या चार्ज करायला सकाळी चालू केले होते, असे मध्यस्थाने सांगितले. थंड इंजिन पाहायचे म्हणून आम्ही पुन्हा वेळ ठरवून गेलो. वाटेत त्याचा फोन आला, घाटाखालच्या साखळी गावापर्यंत पोहोचलात का, जेवायचे काय सांगू, म्हणून. त्या वेळी आम्हाला त्यात अगत्य दिसले. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा ब्लॉक हाताला कोमट लागत होता आणि दोन्ही इंजिने सेल्फच्या पहिल्या झटक्यात सुरू झाली.

थंड इंजिनाचा एवढा आग्रह कशासाठी, तर डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरचे लायनर झिजले असतील, व्हॉल्व्ह बसत नसतील, तर थंड असताना हवा पुरेशी तापत नाही, सेल्फ बराच वेळ मारावा लागतो आणि सुरुवातीला पांढरा धूर येतो. तेच इंजिन एकदा गरम झाले की भाग प्रसरण पावतात, फटी कमी होतात आणि ते निरोगी असल्यासारखे सुरू होते. म्हणून किमान आदल्या रात्रीपासून इंजिन सुरू केलेले नसेल, ही अट लेखी घ्यावी. जाण्याची वेळ विक्रेत्याला कळवू नये. आणि पोहोचल्याबरोबर, गप्पा सुरू होण्याआधी, ब्लॉकला आणि धुराच्या मॅनिफोल्डला हात लावावा. इंजिन सुरू झाल्यावर ऑइल भरण्याचे झाकण उघडून तोंडावर तळहात धरावा. हलकी फुंकर जाणवणे ठीक. हात उचलला जाईल असा धपधप जोर आणि धूर येत असेल, तर जळालेला वायू रिंगांमधून खाली उतरतो आहे. आमच्या वेळी एअर कंडिशनरसाठी म्हणून जनरेटर सतत चालू ठेवला होता, त्यामुळे इंजिनाचा स्वतःचा आवाज कानावर येतच नव्हता.

इंजिन खोली पांढऱ्या रंगाने चकचकीत केलेली होती. जोडांवरचे मिठाचे पांढरे-हिरवे ओघळ, बेल्टचा काळा भुगा, ऑइलचे डाग या खुणा ताज्या रंगाखाली गाडल्या जातात. रंगाचा वास येत असेल तर त्याला स्वच्छता समजू नये. ऑइल मधासारखे नितळ होते, आणि त्याचेही कारण होते. वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर लोह, क्रोमियम, अॅल्युमिनियम यांच्या प्रमाणावरून झीज कळते, आणि सोडियमबरोबर मॅग्नेशियम वाढलेले दिसले तर समुद्राचे पाणी शिरल्याचा संशय घेता येतो. ऑइल कालच बदललेले असेल, तर अहवाल नवीन ऑइलचाच येतो. ऑइलने किती तास काम केले आहे ते बिलासह विचारावे, आणि गिअरबॉक्सचा नमुनाही घ्यावा, कारण तिथले ऑइल बदलायला विक्रेते पुष्कळदा विसरतात.

सगळ्यात चलाख हातचलाखी पंख्यांत, म्हणजे बोट पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरमध्ये होती. अशा बोटीची खरी परीक्षा पूर्ण भाराखाली होते : टाक्या भरलेल्या, नेहमीइतकी माणसे, थ्रॉटल पूर्ण पुढे, आणि इंजिनाने कंपनीने ठरवलेले फेरे गाठून तापमान न वाढवता तिथे टिकून राहिले पाहिजे. आमच्यासमोर दोन्ही काटे २,८०० ला लागले. चाचणी मांडवीत झाली, डिझेलची टाकी जेमतेम पाव भरलेली होती, पूर्ण वेग क्षणभरच दिला गेला आणि ‘‘नदीत जास्त पळवता येत नाही’’ म्हणून लगेच उतरवला. बोट ओहोटीच्या ओढीबरोबर चालली होती. मोबाईलवर वेग २६ नॉट (म्हणजे तासाला तितके सागरी मैल) दिसला, तोही प्रवाहाच्या मदतीने. उलट दिशेने मोजून सरासरी काढली असती तर तो २४ च्या आसपास आला असता. बांधणी कंपनीच्या माहितीपत्रकात या मॉडेलचा वेग ३० नॉटच्या जवळ आहे.

इंजिन पूर्ण फेरे मारते आणि बोट मात्र मागे पडते, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. पंख्याची पिच म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः किती पुढे सरकेल ते अंतर. गिअरचे प्रमाण दीडास एक असल्यामुळे २,८०० फेऱ्यांना शाफ्ट सुमारे १,८६७ फेरे फिरतो. मूळ पंखा २४ इंच पिचचा. त्याचा तत्त्वतः वेग ३७ नॉटच्या आसपास येतो आणि पाण्यात पंख्याची होणारी घसरण वीस टक्के धरली तर साडेएकोणतीस उरतात. बोटीला प्रत्यक्षात बसवलेल्या २१ इंच पिचला तोच आकडा ३२ वर येतो आणि घसरणीनंतर सव्वीसच्या आसपास. पिच एक इंच कमी केली की या आकाराच्या डिझेल इंजिनाचे फेरे ढोबळमानाने ७५ ते १०० ने चढतात. म्हणजे थकलेल्या इंजिनाला मूळ पंख्यांवर २,५०० च्या पुढे जाता येत नव्हते, म्हणून पंखेच हलके करून देण्यात आले होते. पंख्याच्या बुंध्यावर व्यास आणि पिच ठोकलेली असते. बोट पाण्याबाहेर काढून ते आकडे स्वतः वाचावेत आणि बांधणी कंपनीच्या मूळ आकड्यांशी ताडून पाहावेत.

बोट पाण्याबाहेर काढून दाखवण्याऐवजी आमच्या हाती सर्वेक्षकाचा अहवाल ठेवला गेला. सर्वेक्षक मध्यस्थाने सुचवलेला होता, शुल्क मात्र आम्ही भरले. अहवालात गाद्या, रंगकाम आणि नेव्हिगेशनची उपकरणे यांवर भरपूर मजकूर होता आणि इंजिनांवर ‘समाधानकारक’ एवढा एकच शब्द. आम्ही सीमाभागातली माणसे कन्नड उतारा, मराठी बोलणी आणि इंग्रजी करार एकाच व्यवहारात वाचत आलो आहोत, त्यामुळे मसुदा ओळ न ओळ वाचून घेतला होता. सहीच्या दिवशी समोर आलेल्या प्रतीत शेवटच्या पानावर ‘जेथे आहे जसे आहे’, म्हणजे बोट आहे त्या स्थितीत स्वीकारल्याचे, कलम नव्याने घातलेले होते आणि चाचणी असमाधानकारक ठरल्यास इसार परत करण्याचे कलम गायब होते. मसुद्याची जुनी प्रत ईमेलमध्ये राहिली, हे आमचे नशीब.

हंगाम सुरू झाल्यावर तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, पूर्ण टाकी आणि माणसे घेऊन बोट आग्वादच्या बाहेर, खुल्या समुद्रात काढली. उजव्या इंजिनाचे तापमान चढत गेले, मागे निळसर-पांढऱ्या धुराचा पट्टा लागला आणि बोट एका इंजिनावर परत आणावी लागली. हेड उतरवून आम्ही उद्यमबागेत आणले. सहाव्या सिलिंडरच्या लायनरवर नखाला लागतील असे खड्डे होते, इनटेक व्हॉल्व्हच्या बैठकीवर तांबूस गंजाची कडी होती आणि आफ्टरकूलरच्या हवेच्या बाजूला हाताचे बोट फिरवल्यावर ओलसर मीठ हाताला लागले. आफ्टरकूलरची नळी फुटकी असली की इंजिन बंद असताना खारे पाणी हवेच्या मार्गाने सिलिंडरवर उतरते. तो दर दोन-तीन वर्षांनी सोडवून, साफ करून, दाबाची चाचणी घेऊन परत बसवायचा असतो. आमच्या हाती दिलेल्या बिलांत त्या कामाचा उल्लेखच नव्हता.

त्यानंतर कंपनीच्या तंत्रज्ञाने लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधली नोंद काढली. डाव्या इंजिनाचे तास २,८७०, उजव्याचे २,९१०. डॅशबोर्डवरचे मीटर सोडवले, तर त्यांच्या मागे छापलेले उत्पादनाचे वर्ष बोटीच्या वर्षाच्या कितीतरी पुढचे होते. इलेक्ट्रॉनिक इंजिन असलेल्या बोटीत काट्यावरचा तासांचा आकडा पुरावा म्हणून धरूच नये. कंट्रोल युनिटमधली नोंद, त्यातला भाराचा आणि तापमानाच्या इशाऱ्यांचा इतिहास इसार देण्याआधी मागावा. त्या वाचनाला दोन-तीन तास आणि बोटीच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैसे लागतात. विक्रेता त्यालाही नकार देत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कायद्याच्या बाजूने आमचे काम सोपे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे. स्वतःच्या चरितार्थासाठी केलेल्या स्वयंरोजगाराचा अपवाद आम्हा दोघांना लागू होणे कठीण, असे वकिलांचे मत पडले, म्हणून दिवाणी दावा लावला. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७ वस्तुस्थिती जाणूनबुजून लपवण्याला कपट मानते, आणि ‘जेथे आहे जसे आहे’ या कलमाची ढाल कपटाला मिळत नाही, असा आमचा युक्तिवाद आहे. फौजदारी तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आहे. तिथे फसवण्याचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच होता हे दाखवावे लागते. झिजलेले इंजिन, ताजा रंग, नवे ऑइल या सगळ्याला विक्रेत्याकडे साळसूद उत्तर आहे : बोट विकण्याआधी देखभाल केली, एवढेच. पंख्यांना मात्र ते उत्तर चालत नाही. २४ चा आकडा खोडून त्याच्या शेजारी २१ ठोकलेला आहे, आणि ज्या वर्कशॉपने ते काम केले तिथल्या जॉब कार्डावर विक्रेत्याचे नाव आणि जाहिरात निघण्याच्या आधीची तारीख आहे. त्या कार्डाची साक्षांकित प्रत आम्ही दाव्याला जोडली आहे आणि वर्कशॉपचे मालक साक्षीला यायला तयार आहेत.