प्रेस्पा की एव्रोस? ग्रीसच्या सीमेवरच्या दोन प्रदेशांतून निवड करताना

बेटांची गर्दी टाळून उत्तर ग्रीस पाहायचं ठरवलं, की सीमेवरचे दोन प्रदेश खुणावतात. पश्चिमेला प्रेस्पाची तळी, जिथे ग्रीस, अल्बेनिया आणि उत्तर मॅसिडोनिया एकत्र येतात. पूर्वेला तुर्कस्तान आणि बल्गेरियाला लागून असलेला एव्रोस जिल्हा. मध्ये सुमारे ५०० किलोमीटरचं अंतर आहे, तेव्हा एकाच सुट्टीत दोन्ही बसवायचा मोह आवरा. माझं मत आधीच सांगते: हातात तीन-चार दिवस असतील तर प्रेस्पा, आठवडा असेल तर एव्रोस.

प्रेस्पाचं सगळं वैभव एका खोऱ्यात सामावलेलं आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ८५० मीटर उंचीवर दोन तळी, धाकटं (मिक्री) आणि थोरलं (मेगाली). धाकट्या तळ्यातल्या वेतांच्या बेटांवर डाल्मेशियन पेलिकनची जगातल्या सर्वांत मोठ्या वीण-वसाहतींपैकी एक आहे. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने इथले १,७०० हून अधिक पेलिकन मेले. तरीही वसाहत टिकून आहे, आणि एप्रिल ते जूनमध्ये हे अवाढव्य पक्षी डोक्यावरून जाताना पाहणं हे इथे येण्याचं सर्वांत मोठं कारण आहे.

त्याच तळ्यात आगिओस आखिलिओस हे बेट आहे. लांबलचक तरंगत्या पुलावरून तिथे पायी जाता येतं. दहाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरियाचा सम्राट सॅम्युएल याने लारिसा शहर जिंकून तिथल्या संताचे अवशेष या बेटावर आणले आणि त्यांच्यासाठी भव्य चर्च बांधलं. आज छप्पर नाही, पण उंच भिंती आणि कमानी उभ्या आहेत. थोरल्या तळ्याकाठचं प्सारादेस हे छोटं मच्छीमार गाव. उत्तर मॅसिडोनियाच्या नावाचा वाद मिटवणारा करार १७ जून २०१८ रोजी इथेच झाला. गावातून होडीने गेलं की कड्यांतली जोगी-संन्याशांची वस्तीस्थानं आणि खडकावर रंगवलेली चित्रं दिसतात.

शाकाहारी मंडळींची इथे चांगली सोय होते. प्रेस्पाचा पांढरा, टपोरा घेवडा ग्रीसभर नावाजलेला आहे. टोमॅटोच्या रसात भट्टीत शिजवून देतात. जोडीला फ्लोरिनाच्या लाल गोड मिरच्या.

एव्रोस मात्र एका दृष्टिक्षेपात मावत नाही. दक्षिणेला एव्रोस नदीचा त्रिभुज प्रदेश आहे. तिथे हिवाळ्यात बदकं, हंस, रोहित पक्षी आणि दुर्मीळ लहान पांढऱ्या कपाळाचे हंस उतरतात. सीमेलगतच्या भागात जायला परवाना लागतो, त्यामुळे पासपोर्टचे तपशील अभ्यागत केंद्राला आधीच कळवा. लष्करी चौक्यांचे फोटो काढू नका.

वर दादियाचं जंगल, शिकारी पक्ष्यांचं मोठं आश्रयस्थान. काळ्या गिधाडांची वीण कित्येक वर्षं बाल्कनमध्ये फक्त इथेच उरली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये या जिल्ह्यात लागलेली आग युरोपीय संघात नोंदलेली सर्वांत मोठी ठरली; दादियात अठरा स्थलांतरित माणसांचे मृतदेह सापडले. जंगलाचा मोठा भाग जळाला, म्हणून जुन्या फोटोंवर विसंबून जाऊ नका. पण गिधाडं अजून आहेत. त्यांच्यासाठी माणसं झटताहेत, आणि अशा वेळी पाहुण्यांनी पाठ फिरवू नये असं मला मनापासून वाटतं.

जवळच सूफ्ली हे रेशमाचं गाव. रेशीमकिडे पाळण्यासाठी बांधलेली उंच घरं आजही दिसतात, संग्रहालयही आहे. एव्रोस नदी ही तुर्कस्तानशी सीमा ठरली तेव्हा तुतीचे मळे पलीकडे राहिले आणि धंदा खचला. सीमा माणसांच्या पोटावर कशी येते हे इथे जितकं कळतं तितकं प्रेस्पात कळत नाही. पुढे दिदिमोतिखोला बायझंटाइन किल्ला आणि १४२० ची मशीद आहे. २०१७ च्या आगीत तिचं लाकडी छत गेलं. शिवाय अलेक्झांड्रूपोली या बंदराच्या शहरातून बोटीने सामोथ्राकी बेट. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली पंखांच्या विजयदेवतेची मूर्ती १८६३ मध्ये इथल्याच ‘महान देवतां’च्या प्राचीन पवित्रस्थळी सापडली. बेटासाठी दोन रात्री वेगळ्या ठेवा.

पोहोचायला एव्रोस सोपा: अथेन्सहून अलेक्झांड्रूपोलीला थेट विमान आहे. प्रेस्पासाठी थेस्सालोनिकीहून गाडी भाड्याने घेणंच बरं, आणि हिवाळ्यात घाटात बर्फ असतो. एव्रोसला उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर जाऊ नका, वणव्यांचा धोका असतो. पक्ष्यांसाठी हिवाळा किंवा एप्रिल-मे उत्तम.

व्हिसाचा हिशेब आधी करा. एव्रोसमधून बल्गेरियात त्याच शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा) जाता येतं, कारण १ जानेवारी २०२५ पासून तो देशही जमिनीवरून पूर्णपणे शेंगेनमध्ये आला आहे. तुर्कस्तान, अल्बेनिया आणि उत्तर मॅसिडोनिया मात्र शेंगेनबाहेर आहेत. तिकडे डोकावून ग्रीसमध्ये परतायचं असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागून घ्या.