संपूर्ण पडद्याला एकच वेग की भागागणिक वेगळा?
महागड्या फोनमधला एलटीपीओ पडदा (दोन प्रकारच्या ट्रान्झिस्टरांनी पिक्सेल चालवणारा) आपला रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने लिहायचे तो वेग, १ ते १२० हर्ट्झ असा बदलतो खरा, पण तो बदल सहसा सगळ्या पडद्याला एकदमच लागू होतो. त्यामुळे वरच्या अर्ध्या भागात सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट चालू असताना खालचा मजकूर बोटाने सरकवला, की चित्रपटाच्या भागातल्या पिक्सेलच्या ओळीही सेकंदाला १२० वेळा विनाकारण लिहिल्या जातात. भागागणिक वेग ठेवणाऱ्या पद्धतीत गेट ड्रायव्हर (एकेका ओळीला लिहिण्याचा विद्युत इशारा, म्हणजे स्पंद, देणारे सर्किट) स्थिर ओळींचे स्पंद रोखून धरतो आणि हलत्या ओळीच वारंवार लिहितो, म्हणून वीज वाचते. मात्र हे स्पंद नेणाऱ्या गेटच्या तारा सहसा पडद्याच्या पूर्ण रुंदीभर जात असल्याने हे भाग आडव्या पट्ट्यांचेच पडतात. कोपऱ्यातल्या चौकोनी व्हिडिओला त्याचा लाभ बेताचाच. शिवाय मंद पट्टीतील पिक्सेलमध्ये साठवलेला विद्युतभार दोन लेखनांमधल्या लांब अवधीत झिरपतो आणि गडद करड्या पार्श्वभूमीवर दोन पट्ट्यांची सीमा डोळ्यांना खुपते. एलटीपीओमधला ऑक्साइड ट्रान्झिस्टर (बंद असताना फार कमी वीज झिरपू देणारा) ही गळती पुष्कळच कमी करतो. माझ्या मते घडीच्या फोनला भागागणिक वेगाची पद्धत शोभते. साध्या फोनवर बहुतेक वेळ एकच ॲप पडदाभर असते, तिथे सगळ्या पडद्याला एकच वेग पुरे.