खाते कोणाच्या नावावर आहे, हे पाहूनही मी थांबले नाही

मी कराड तालुक्यातील एका गावची. 2023 साली मेकॅनिकल शाखेची पदवी घेतली आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून लागले. ऑक्टोबर 2024 ते फेब्रुवारी 2025 या पाच महिन्यांत जर्मनीतील नोकरीच्या नावाखाली माझ्याकडून 3,97,900 रुपये घेण्यात आले. गुन्ह्याचा तपास चालू असल्यामुळे ज्यांनी ते घेतले त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. पण त्यांची पद्धत मात्र लिहायलाच हवी, कारण माझ्यासारख्या नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलामुलींना त्याच पद्धतीने बोलावणे अजूनही चालू आहे.

फसवणूक म्हटली की लोकांना वाटते, समोरचा माणूस अशक्यप्राय आमिष दाखवत असेल आणि ऐकणारा लोभापायी भुलला असेल. माझ्या बाबतीत तसे झाले नाही. पुण्यातल्या त्यांच्या कार्यालयात मला जे जे सांगितले गेले, त्यातला बराचसा तपशील खरा होता. जर्मनीला अभियंत्यांची गरज आहे, हे खरे. जून 2024 पासून तेथे ‘शांसेनकार्टे’ नावाचा परवाना मिळू लागला आहे आणि त्यावर एक वर्षापर्यंत राहून नोकरी शोधता येते, हेही खरे. आपले विद्यापीठ आणि आपली पदवी तेथे मान्य आहे की नाही, हे ‘अनाबीन’ या माहितीकोशात पाहावे लागते, हेही खरेच. मी शिस्तीने वागणारी मुलगी आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट घरी येऊन तपासत असे, आणि प्रत्येक वेळी ती जुळत असे. ती जुळत गेली म्हणूनच माझा विश्वास वाढत गेला.

पहिला हप्ता 35,400 रुपयांचा होता. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या दलालाला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. तीस हजारांवर अठरा टक्के धरले की बरोबर 35,400 होतात. मी हा नियम वाचला, आकडा जुळला, आणि ही मंडळी कायद्याने चालणारी आहेत असे मानले. भिंतीवर चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्राचा क्रमांक मात्र मी टिपून घेतला नाही. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तो घातला असता, तर ती नोंदणी दुसऱ्याच एका संस्थेची आहे आणि तिची मुदतही संपलेली आहे, हे दोन मिनिटांत कळले असते. पुढे तक्रार करताना ते कळले. त्या मंडळींचे म्हणणे असे की आम्ही नुसते सल्लागार आहोत, आम्हाला नोंदणी लागत नाही. पण ज्याने मुलाखत ठरवली आणि नेमणुकीचे पत्र आणून दिले, तो सल्लागार राहत नाही, तो भरती करणारा होतो, एवढे मला तेव्हा समजायला हवे होते.

डिसेंबरमध्ये पदवीच्या मूल्यमापनासाठी 24,000 रुपये घेतले. हे मूल्यमापन जर्मनीतील सरकारी कार्यालय करते, अर्ज उमेदवार स्वतः करू शकतो आणि शुल्क सुमारे दोनशे युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण अठरा हजार रुपये असते. वरचे सहा हजार ‘आमचे हाताळणीचे’ असे त्यांनी सांगितले. माझ्या नावाने अर्ज गेलाच नव्हता.

जानेवारीत व्हिडिओवर मुलाखत झाली. समोरचा माणूस इंग्रजीत बोलत होता आणि त्याचे प्रश्न खरोखरच आमच्या कामातले होते: फिक्स्चरमध्ये जॉब कसा बसवता, बोअरचा टॉलरन्स किती धरता, रिजेक्शन आले तर पहिल्यांदा काय पाहता. मी चाकणला रोज हेच करत असल्यामुळे भराभर उत्तरे दिली. मुलाखत संपल्यावर मला इतके बरे वाटले की मी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहून आप्पांना फोन केला. आठ दिवसांनी श्टुटगार्टच्या एका कंपनीचे नेमणूकपत्र आले. पगार वर्षाला 54,000 युरो. त्या पाठोपाठ मागणी आली ती 411 युरोंची, म्हणजे 38,500 रुपयांची, व्हिसाची प्रक्रिया जलद व्हावी म्हणून. हा आकडाही मी शोधला आणि तोही खरा निघाला. कुशल कामगारांसाठी जर्मनीत अशी जलद प्रक्रिया आहे आणि तिचे शुल्क 411 युरोच आहे. फक्त ती प्रक्रिया तेथील मालकाने तेथील परदेशी नागरिक कार्यालयात सुरू करायची असते आणि शुल्कही तेथेच भरायचे असते. पुण्यातल्या कोणाच्याही खात्यात ते जाण्याचे कारण नाही. आकडा सापडल्यावर मी पुढचे वाक्य वाचले नाही.

सर्वांत मोठी रक्कम फेब्रुवारीत गेली. शांसेनकार्टेसाठी स्वतःच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. 2025 मध्ये ती महिन्याला 1,091 युरो, म्हणजे वर्षाची 13,092 युरो होती; रुपयांत सुमारे बारा लाख. ही रक्कम बहुतेक जण ‘श्पेरकोन्टो’ म्हणजे गोठवलेल्या खात्यात ठेवतात आणि तेथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ठरावीक पैसे मिळतात. मला सांगितले गेले की तुम्ही तीन लाख भरा, उरलेले आमची सहयोगी वित्तसंस्था भरेल आणि तुमच्या पगारातून वळते करून घेईल. खरे तर येथे मी थांबायलाच हवे होते. ज्याच्या हातात पुरेशा पगाराची नोकरी आहे, त्याला नोकरी शोधण्याच्या परवान्याची आणि गोठवलेल्या खात्याची गरज काय? ते दोन वेगळे रस्ते आहेत. एकावर नोकरीचा करार हाच तुमच्या खर्चाचा पुरावा असतो. दुसऱ्यावर करार नसतो, म्हणून पैसे दाखवावे लागतात. त्यांनी दोन्ही रस्त्यांचे टोलनाके एकाच रस्त्यावर उभे केले आणि मी दोन्हीकडे पैसे भरले.

गोठवलेले खाते उमेदवाराच्याच नावाने उघडते. पैसे आपल्या बँकेतून, परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-2 अर्जावर कारण लिहून, आपणच पाठवतो. मला सांगितले गेले की बँकवाले फार कागद मागतात, टीसीएस हा कर कापतात, त्यापेक्षा आमच्या खात्यावर टाका, आम्ही एकत्र पाठवतो. मी ज्या खात्यावर पैसे पाठवले त्याचे नाव नेट बँकिंगच्या पडद्यावर स्पष्ट दिसत होते: ते एका प्रवास कंपनीचे चालू खाते होते. मी विचारले. ‘आमचीच भगिनीसंस्था आहे, मॅडम’ असे उत्तर आले आणि मी ‘पुष्टी करा’ हे बटण दाबले.

त्या तीन लाखांपैकी एक लाख माझी बचत होती. ऐंशी हजार आप्पांनी पतसंस्थेतून काढले. उरलेल्या एक लाख वीस हजारांसाठी आईने तिच्या पाटल्या सोनेतारणावर ठेवल्या. मी तिच्याबरोबर बँकेत गेले होते. सराफाने पाटल्या काट्यावर ठेवण्याआधी दगडावर घासून पाहिल्या, तेव्हा आईने मान वळवून बाहेरच्या रस्त्याकडे पाहिले. पावतीवर ‘पाटल्या, नग दोन’ असे लिहिले गेले. ती पावती आजही देवघरातल्या डब्यात आहे.

फसवणूक लक्षात आली ती माझ्या जर्मन भाषेच्या बाईंमुळे. मी त्यांच्याकडे ए-2 पातळीची तयारी करत होते आणि आनंदाने पेढे घेऊन नेमणूकपत्र दाखवायला गेले. त्यांनी पत्र खिडकीपाशी नेऊन वाचले आणि मला जवळ बसवून दोन ठिकाणी बोट ठेवले. पगार ‘54,000.00’ असा लिहिला होता. जर्मन माणूस हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतो. कोणत्याही जर्मन कार्यालयातून हा आकडा ‘54.000,00’ असाच बाहेर पडला असता. दुसरे म्हणजे पत्त्यात गाव श्टुटगार्ट होते आणि पिनकोड 80 पासून सुरू होत होता. श्टुटगार्टचे कोड 70 पासून सुरू होतात, 80 चे म्युनिकचे. मग आम्ही दोघींनी मिळून जर्मनीच्या व्यापारी नोंदवहीत कंपनीचा नोंदणी क्रमांक शोधला. ही नोंदवही इंटरनेटवर विनाशुल्क पाहता येते. तो क्रमांक भलत्याच व्यवसायाचा निघाला. पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर राहिला होता.

यानंतर माझ्याकडून जी चूक झाली, ती आधीच्या सगळ्या चुकांपेक्षा मोठी आहे असे मला वाटते. मी तेवीस दिवस गप्प बसले. घरी काय सांगायचे हे सुचत नव्हते, आणि कार्यालयातला माणूस रोज फोनवर ‘पत्रात टंकलेखनाची चूक झाली आहे, सुधारित पत्र येईल’ असे सांगत होता. व्हिसा केंद्रातील भेटीची तारीख त्यांनी दिलीच होती. त्या दिवशी मी मुंबईला गेले, तर माझ्या नावाची नोंदच नव्हती. परतीच्या बसमधून मी आप्पांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. ‘कागद सगळे आहेत ना तुझ्याकडं? मग उद्या जाऊ’ एवढेच म्हणाले.

1930 या सायबर मदत क्रमांकाचा उपयोग पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत होतो, कारण तेव्हा रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ती गोठवता येते. माझे तीन लाख ज्या दिवशी जमा झाले, त्याच दिवशी पाच तुकड्यांत निघून गेल्याचे तपास अधिकाऱ्यांनी मला दाखवले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा नोंदवला गेला आहे आणि मुंबईतील उत्प्रवास संरक्षक कार्यालयाकडेही मी तक्रार दिली आहे. पुण्यातल्या त्या कार्यालयाला कुलूप आहे. पैसे परत आलेले नाहीत.

मी अजूनही जर्मनीला जाणार आहे. अनाबीनमध्ये माझे विद्यापीठ मी स्वतः पाहिले. त्यापुढे ‘एच प्लस’ अशी खूण आहे, म्हणजे ते मान्य आहे. हे शोधायला मला वीस मिनिटे लागली. मूल्यमापनाचा अर्ज या वेळी मीच भरला आणि शुल्क त्या कार्यालयाच्या खात्यात माझ्या खात्यातून गेले. ए-2 झाले आहे, बी-1 ची तयारी चालू आहे. आप्पा दर महिन्याच्या पाच तारखेला पतसंस्थेत हप्ता भरतात आणि त्यातला अर्धा मी पाठवते.

माझी तक्रार नोंदल्यानंतर आणखी चार जण पुढे आले. त्यांतला एक सांगलीचा आणि एक नांदेडचा आहे. प्रत्येकाच्या पत्रात कंपनी वेगळी आहे, पण पगाराचा आकडा तोच आणि तसाच लिहिलेला. असे पत्र तुमच्याकडे असेल, तर ते पाठवणाऱ्याशी वाद घालू नका आणि फोनमधले संदेश पुसू नका. बँकेच्या उताऱ्यावर प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक असतो. ते सगळे एका कागदावर तारखेसह लिहा, ज्याच्या खात्यावर पैसे गेले त्याचे नाव समोर लिहा, आणि तो कागद घेऊन आजच आपल्या पोलीस ठाण्यात जा.