स्कोपवरची पाणसळ: पाच ताऱ्यांवरून तीनवर

रायफल सरळ आहे की कललेली, हे दाखवणारी, दुर्बिणीवर (स्कोपवर) बसवायची ही बुडबुड्याची छोटी पाणसळ. सुरुवातीला हिला पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. त्यातले दोन आज परत घेतोय. ती एका अंशाने चुकते म्हटल्यावर कंपनीचं म्हणणं, "एखादा अंश इकडेतिकडे चालतो."

शंभर मीटरवर चालतो, कबूल. तेवढ्यात गोळी रायफलच्या नळीच्या रेषेखाली जेमतेम आठ सेंटीमीटर उतरते. रायफल पाच अंश कलली तरी नेम सातेक मिलिमीटरच चुकतो. पण .308 कॅलिबरची 175 ग्रेन वजनाची गोळी हजार यार्डांवर न्यायला स्कोपवर साधारण 11 मिल चढवावे लागतात, म्हणजे नळी तेवढी वर रोखावी लागते (मिल हे कोनाचं माप, शंभर मीटरवर एक मिल म्हणजे दहा सेंटीमीटर), आणि रायफल कलली की या चढवलेल्या उंचीतला हिस्सा आडवा जातो. एका अंशाला सुमारे 18 सेंटीमीटर, ज्या बाजूला कलली त्या बाजूला. उंचीत मात्र दोन मिलिमीटरचाही फरक पडत नाही, म्हणून माणूस वाऱ्याला शिव्या देत बसतो. त्यात उजव्या पिळाच्या नळीतून तेवढ्या अंतरावर गोळी आपल्या फिरकीनेच वीतभर उजवीकडे सरकते. कुणाचं पाप कुणाच्या माथी, काही कळत नाही.

उतारावर मात्र या वस्तूने पैसे वसूल करून दिले. तिरप्या जमिनीवर आडवं झालं की डोळा तिलाच सपाट धरतो आणि रायफल दोन-तीन अंश कलली तरी खांद्याला पत्ता लागत नाही. बुडबुडा स्कोपच्या अगदी वर असल्याने दुसरा डोळा उघडा ठेवला की गाल न उचलता दिसतो. थंडीत तो फुगतो, उन्हात आकसतो. त्याने काही अडत नाही.

आता तारे का कापले, ते. दोष डिंकाचा. शंभर मीटरवर उंच कागद लावून ओळंब्याने उभी रेघ मारायची आणि बुडबुडा मधोमध ठेवून, 10 मिल चढवून झाडायचं. छिद्र नेमाच्या बरोबर एक मीटर वर, रेघेवर हवं. माझी अधूनमधून ही तपासणी चालते. यावेळी छिद्रं पावणेदोन सेंटीमीटर डावीकडे, म्हणजे नेमका एक अंश. आधी संशय स्कोप धरणाऱ्या रिंगवर, पण तिथली खूण जागची हलली नव्हती. रायफल पकडीत बसवून स्कोपमधल्या नेमाच्या फुलीचा (रेटिकलचा) उभा धागा ओळंब्याशी जुळवला, तर बुडबुडा खुणेबाहेर! बुडबुड्याची काचेची नळी तिच्या खोबणीत एका टोकाने उचलली गेली होती. बाहेरून दागिन्यासारखं घडवलेलं अ‍ॅल्युमिनियम, आणि जिच्यासाठी हे सगळं ती नळी डिंकाच्या एका थेंबावर! कंपनी नळी बदलून देत नाही, "नवीन युनिट घ्या" म्हणते. नाही घेत. ओळंबा समोर ठेवून एपॉक्सीने बसवली. तेव्हापासून छिद्रं रेघेवर आहेत. तिसरा तारा खरं तर एपॉक्सीचा.

जाता जाता: बसवताना रायफलच्या पाठीशी पाणसळ जुळवत बसू नका, धाग्याशी जुळवा. धागा ओळंब्यात असेल आणि स्कोप रायफलच्या नळीपासून पाच सेंटीमीटर वर असेल, तर खालची रायफल दोन अंश फिरलेली असली तरी शंभर मीटरवर नेम जुळवलेला (झिरो) असताना हजार यार्डांना तो दीड सेंटीमीटरच चुकतो. उभं राहून, बसून, आडवं होऊन नेम मारणारे पोझिशन शूटिंगवाले तर रायफल मुद्दाम कलवून धरतात, फक्त दरवेळी तेवढीच.

घेणार असाल तर खोकं उघडल्याबरोबर नखाने काचेची नळी दाबून पाहा. जराशी जरी हलली तरी लगेच परत करा.